शाळेचं क्रोमबुक आणि रात्रीचे ११:५९

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सातवीतल्या मुलीला शाळेने क्रोमबुक दिलंय, ते रात्री अकरा-साडेअकरापर्यंत उघडंच असतं. विचारलं की 'होमवर्क' एवढंच उत्तर. फॅमिली लिंक (गूगलचं पालकांसाठीचं नियंत्रण ॲप) लावायला गेले, तर शाळेचं खातं त्यात घेतच नाही. काय करावं?

उत्तर : घेणारही नाही. ते खातं आणि ते यंत्र दोन्ही डिस्ट्रिक्टकडे (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेली असतात, नियम तिथला ॲडमिन ठरवतो. पॉवरवॉश करून कोरं केलं, तरी सुरू होताच ते बहुधा पुन्हा डिस्ट्रिक्टचीच नोंदणी मागतं. फॅमिली लिंक चालतं ते मुलीच्या वैयक्तिक गूगल खात्यावर.

आधी डिस्ट्रिक्टच्या टेक्नॉलॉजी विभागाला (वर्गशिक्षिकेला नव्हे) ईमेल करा. बरेच डिस्ट्रिक्ट गोगार्डियन, सिक्युरली किंवा लाइटस्पीड यांपैकी एखादं फिल्टर वापरतात. तिघांकडेही पालकांसाठी सोय आहे आणि तीतून शाळेची वेळ संपल्यावर इंटरनेट थांबवता येतं. पण डिस्ट्रिक्टने ती सोय सुरू केलेली असली पाहिजे. ईमेलमध्ये क्रोमबुकवरच्या स्टिकरचा असेट टॅग नंबर, इयत्ता आणि तुम्हाला हवी ती वेळ लिहा. 'स्क्रीन टाइम कमी करा' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. 'रविवार ते गुरुवार, रात्री ९ ते सकाळी ६' असं लिहा.

तिथून नकार आला, तर राउटर. क्रोमबुकच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करा, वायफायची यादी उघडा आणि वरच्या 'आय' चिन्हावर जा. मॅक पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) दिसेल. राउटरच्या ॲपमध्ये तोच पत्ता शोधून त्या यंत्राला वेळापत्रक लावा. नावावर जाऊ नका, यादीत चार यंत्रं सारख्याच नावाची निघतात. राउटरचा टाइमझोनही तपासा. तो चुकीचा असेल, तर मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलली की वेळापत्रक एका तासाने सरकतं.

राउटरला मोठी पळवाट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. म्हणून फोन आणि क्रोमबुक दोन्ही रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. शाळेने सिमकार्डवर चालणारा हॉटस्पॉट दिला असेल, तर तुमच्या राउटरचा काही संबंधच उरत नाही. मग डिस्ट्रिक्टशिवाय इलाज नाही.

आता 'होमवर्क'चं. मुलगी बहुधा खोटं बोलत नाहीये. गूगल क्लासरूममध्ये शिक्षकाने मुदतीची फक्त तारीख टाकली आणि वेळ टाकली नाही, तर ती आपोआप रात्री ११:५९ होते. मुलं मग ११:५९ लाच पाठवतात. मोठी माणसंही टॅक्स रिटर्न तसाच भरतात. नेट नऊला बंद आणि मुदत मध्यरात्रीची, यातून घरात रोज भांडण होणार. मुदत संध्याकाळी सातची ठेवा, असं शिक्षकांना सांगा. त्यांचं काम एका रकान्यात वेळ भरण्याएवढंच आहे. तोवर गूगल डॉक्समध्ये ऑफलाइन सोय सुरू करून ठेवा (डिस्ट्रिक्टने परवानगी दिली असेल तर). नेट गेलं तरी निबंध लिहिता येतो, फक्त काम जमा करण्याचं 'टर्न इन' बटण नेटशिवाय चालत नाही, तेवढं नऊच्या आत उरकायचं.

वेळ ठरवताना उलटं मोजा. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, ६ ते १२ वर्षांच्यांना ९ ते १२. साडेसहाला उठायचं असेल, तर साडेनवाला झोप आणि त्याआधी तासभर पडदा बंद, म्हणजे साडेआठ.

प्रश्न : मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या पालक समितीत आहे. ॲडमिनने 'डिव्हाइस ऑफ अवर्स' रात्री १० ते ६ लावलं. त्यानंतर रात्रीचा वापर उलट वाढला!

उत्तर : नाव फसवं आहे. त्या सेटिंगने क्रोमबुक बंद होत नाही. त्या वेळेपुरते गेस्ट मोड आणि साइन-इनवरचे निर्बंध सैल होतात. म्हणजे दहानंतर मुलं गेस्ट म्हणून किंवा घरच्या जीमेलने आत येऊ शकतात आणि शाळेच्या खात्याला जोडलेलं फिल्टर तिथे लागू होत नाही. ते वेळापत्रक आधी काढायला सांगा. रात्रीची बंदी फिल्टरच्या शाळेबाहेरच्या वेळेच्या नियमांत घालायची असते. आणि ती इयत्तांच्या गटांप्रमाणे वेगळी ठेवा. बारावीतल्या मुलाला नऊला बंद केलंत, तर तक्रारींचा पूर येईल आणि आठवड्यात सगळंच मागे घ्यावं लागेल.

प्रश्न : मुलाला शाळेचा आयपॅड आहे. राउटरवर बंद केला, तरी काही दिवसांनी पुन्हा चालू!

उत्तर : आयपॅड राउटरला खरा मॅक पत्ता न सांगता खासगी पत्ता सांगतो. तो बदलला की राउटरला हे नवंच यंत्र वाटतं. सेटिंग्ज, वायफाय, तुमच्या नेटवर्कशेजारचं 'आय', तिथे 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करा. मुलाला ते पुन्हा सुरू करता येतं, हेही खरंच. त्यामुळे राउटरमध्ये नव्या यंत्राला तुमच्या परवानगीशिवाय नेट न देण्याची सोय असेल, तर ती लावा आणि वायफायचा पासवर्ड बदला.