एसीसीए (ब्रिटनची अकाउंटिंगची पात्रता) झालंय, आता सीपीए (अमेरिकेतला अकाउंटंटचा परवाना) किंवा सीएमएही (मॅनेजमेंट अकाउंटिंगची पात्रता) करावं का?

पहिल्या क्वालिफिकेशनवर जे काम किंवा जो सहीचा अधिकार मिळत नाही, तो दुसऱ्याने मिळणार असेल तरच करा. नुसती नावापुढची अक्षरं वाढवायला नको. फायनान्स विभागाच्या भरतीत मी असते. अर्ज चाळताना आम्ही आधी बघतो की महिनाअखेरीला हिशेबाची पुस्तकं कुणी बंद केली, ऑडिटरच्या शंकांना कुणी तोंड दिलं. दुसरं सर्टिफिकेट त्यानंतर.

अमेरिकेत ऑडिट रिपोर्टवर सही करायची असेल तर सीपीए लागतंच, तिथे एसीसीए पुरत नाही. हा परवाना राज्यागणिक मिळतो, म्हणून चार पेपरांची फी भरण्याआधी त्या राज्याच्या शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या अटी नीट वाचा, अगदी ओळ न् ओळ. कॉस्टिंग-बजेटिंगकडे वळायचं असेल तर अमेरिकेचं सीएमए दोनच भागांचं आहे, पण त्यातलं बरंचसं एसीसीएत तुम्ही शिकलेलाच आहात.

एक मात्र धरून चला: परीक्षा संपल्या तरी दोन्हीकडची फी आणि सीपीडीचे (पात्रता टिकवण्यासाठी शिकत राहण्याचे) तास मागे लागलेलेच असतात.