आधुनिक साधनं नव्हती तेव्हा हिमालयात चढणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा व्हायचा?

बहुतेक जण ‘विरळ हवेचा’ असं उत्तर देतील. ते खरंच आहे, पण माझ्या मते थंडी आणि तहान यांनीही माणसं तितकीच जेरीस आणली. १९२४ ची ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम घ्या.

४ जूनच्या सकाळी या मोहिमेतले दोन गिर्यारोहक, नॉर्टन आणि पेशाने सर्जन असलेला सॉमरवेल, शेवटच्या तंबूतून निघणार, तेवढ्यात थर्मासचं बूच निघून सगळं पेय सांडलं. तिथे घोटभर पाण्यासाठीही बर्फ वितळत बसावं लागतं. पुन्हा स्टोव्ह पेटवला आणि निघायला उशीर झाला. पुढे सॉमरवेलला खोकल्याने पाऊल टाकवेना. नॉर्टन एकटाच, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय, सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेला. शिखर ३०० मीटरही उरलं नव्हतं! खडकावर पाय कुठे ठेवायचा ते दिसावं म्हणून त्याने गॉगल काढला होता. बर्फाच्या लखलखाटाने त्या रात्री त्याचे डोळे गेले, दृष्टी परत यायला काही दिवस लागले. उतरताना सॉमरवेलच्या घशात काहीतरी अडकून श्वासच बंद झाला. मरणार अशा समजुतीने तो बर्फात बसला, मग दोन्ही हातांनी छाती जोरात दाबली आणि घशाचं सुजलेलं, सुटलेलं अस्तर बाहेर पडलं. (हाच सर्जन पुढे कित्येक वर्षं दक्षिण भारतातल्या त्रावणकोर संस्थानात नेय्यूरच्या रुग्णालयात राबला.)

बुटांचं दुखणं वेगळंच. चामड्याच्या तळव्याला लोखंडी खिळे ठोकलेले, त्यांतून गारठा थेट पायात. बर्फावर पकड यावी म्हणून बुटाखाली क्रॅम्पॉन (लोखंडी दातांचे सांगाडे) बांधावेत तर पट्ट्यांनी रक्त अडायचं. गिर्यारोहणाच्या कोर्सला असताना दुहेरी बुटांतही माझी बोटं बधिर व्हायची, तेव्हा त्या लोकांचं काय होत असेल! दोर सुताचा किंवा तशाच वनस्पतिजन्य धाग्याचा, ओला झाला की गोठून ताठ. हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा सुरक्षापट्टा) नाही, तोच दोर कमरेला. एक घसरला तर बाकीचे ओढले जायचे.

आणि या सगळ्याची सर्वांत जबर किंमत हमालांनी मोजली, ज्यांची नावं फारशी कुणी घेत नाही. १९२२ च्या मोहिमेत एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या ‘नॉर्थ कोल’ या खिंडीच्या उतारावर हिमलोट आला. सात जण गेले, सातही हमाल. त्या दिवशी आपल्यापैकी एकाही इंग्रजाला त्यांच्याबरोबर मरण का आलं नाही, याची खंत सॉमरवेलने लिहून ठेवली आहे. १९२४ मध्ये मोहिमेचा मोची मान बहादूर याचे दोन्ही पाय हिमदंशाने गेले, आणि तोही वाचला नाही.