मागूर, पंगस आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न: निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ३० बाय ३० मीटरचं, प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे. मत्स्यबीज पुरवणारा म्हणतो, तळ्यात 'हायब्रीड मागूर' मासे सोडा, नाहीतर ३,००० पंगस मासे. त्यासाठी २ लाखांची एफडी मोडू का?

उत्तर: मोडू नका.

मागूरचा विषय आधी संपवू. 'हायब्रीड' म्हणून विकतात तो बहुधा थाई मागूर, मूळचा आफ्रिकेचा. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. धाड पडली की मासा नष्ट करतात, भरपाई शून्य. हा मासा हवेतून श्वास घेतो, पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत ओढा गाठतो आणि बाकीच्या माशांची पिल्लं फस्त करतो. तुमच्या भागातलं पाणी कादवा-गोदावरीतून नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात जातं. तिथल्या मासेमाराचं नुकसान कुठल्याच हिशेबात भरून निघत नाही, कारण सुटलेला मासा परत गोळा करता येत नाही.

पंगसाला बंदी नाही, पण तोही परदेशी. मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आधी घ्या. आता आकडे. पुरवठादार सगळी पिल्लं जगतील असं धरतो; मी ८० टक्के धरतो. २,४०० मासे, प्रत्येकी ८०० ग्रॅम, म्हणजे १,९२० किलो. किलोमागे दीड किलो खाद्य, ४५ रुपयांनी १,२९,६००. बीज १८,०००. वीज, जाळी, मजुरी ३५,०००. खर्च १,८२,६००. तळ्यावर ९५ रुपये भाव मिळाला तर हाती १,८२,४००. वर्षभर राबून बरोबरी! भाव दहा रुपयांनी पडला की १९,४०० चा खड्डा.

त्यात निफाडची थंडी. पाणी २० अंशांखाली गेलं की पंगस खाणं सोडतो, १५ च्या खाली मरायला लागतो. शिवाय एप्रिल छाटणीनंतर बागेला पाणी लागतं, तळं आटतं, तेवढ्याच पाण्यात मासे दाटतात आणि पहाटे ऑक्सिजन संपतो. बाग आणि मासे एकाच वेळी अडचणीत, आणि एफडी आधीच मोडलेली. खरी जोखीम मला इथे दिसते.

मासे करायचेच असतील तर कटला, रोहू, मृगळ मिळून ४५०-५०० मोठी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), ४:३:३ प्रमाणात. थंडीत वाढ मंदावते, पण मरत नाहीत. सांडव्याला बारीक जाळी बसवा, मार्चपासून विक्री काढा. खेळतं भांडवल किसान क्रेडिट कार्डातून मिळतं. २०१८-१९ पासून मत्स्यपालनही त्यात आहे. पुरवठादार 'माल परत घेऊ' म्हणत असेल तर माशाची जात, भाव आणि तारीख स्टॅम्पपेपरवर मागा. टाळाटाळ केली तर आगाऊ रक्कम देऊ नका.