न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात मराठी पुस्तक कसे शोधावे?

प्रश्न: मुलीकडे तीन महिने न्यूयॉर्कला, मॅनहॅटनमध्ये राहणार आहोत. पाहुण्यांना तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाता येते का? मराठी पुस्तके शोधायची कशी? आणि तिथे वर्गणी नाही, तर आपल्याकडेच अनामत आणि वर्गणी का?

उत्तर: आत जाऊन बसून वाचायला कार्ड लागत नाही. पुस्तक घरी न्यायचे तर लागते. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा मालमत्ता कर भरणाऱ्या माणसाला ते फुकट मिळते. तुम्ही पाहुणे, तेव्हा मुलीला तिच्या कार्डावर पुस्तके घ्यायला सांगा. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची दगडी सिंहांची १९११ सालची इमारत जरूर पाहा, पण ती संशोधनासाठी आहे. घरी न्यायची पुस्तके रस्त्यापलीकडच्या शाखेत मिळतात. ब्रुकलिन आणि क्वीन्सची ग्रंथालये वेगळ्या संस्थांची आहेत, त्यामुळे मॅनहॅटनचे पुस्तक तिकडे परत करू नका.

मराठी पुस्तक शोधताना बहुतेक जण अडतात ते रोमन स्पेलिंगपाशी. अमेरिकेतल्या तालिकांमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तक-नोंदींच्या यादीत, मराठी नावे ठरावीक नियमाने रोमन लिपीत उतरवलेली असतात. आपण उच्चारात गाळतो तो 'अ'सुद्धा तिथे लिहितात. 'इतिहास'च्या शेवटी 'ए' हे अक्षर जोडावे लागते. 'श'साठी 'एस-एच' नाही, नुसता 'एस'. 'च'साठी 'सी-एच' नाही, नुसता 'सी'. म्हणजे 'शेतकरी' हा शब्द एस-ई-टी-ए-के-ए-आर-आय असा टाका. आपल्या सवयीने लिहिलात तर पुस्तक असूनही 'सापडले नाही' असे उत्तर येईल. एकदा देवनागरीतही शोधून पाहा, काही नोंदींत तीही असते. फळीवर ड्युईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तके विषयवार अंकांनी लावण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आहे, पण पुष्कळ शाखांत इतर भाषांची कपाटे वेगळी लावतात. आधी तीच विचारा.

उशिराचा दंड तिथे ऑक्टोबर २०२१ पासून बंद आहे. पुस्तक फारच दिवस आले नाही तर मात्र हरवले असे धरून किंमत लावतात.

आता वर्गणीचे. न्यूयॉर्कचे हे सार्वजनिक ग्रंथालयसुद्धा सरकारी खाते नाही. १८९५ मध्ये स्थापन झालेली ती खासगी, विनानफा संस्था आहे आणि तिच्या शाखांना शहराच्या तिजोरीतून मोठा पैसा मिळतो. आपली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयेही अशाच संस्था चालवतात. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ चे, म्हणजे त्याहून सदुसष्ट वर्षांनी जुने. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. पण कर्नाटक, केरळ, तामिळनाडूसारखा ग्रंथालय उपकर आपल्या कायद्यात नाही. अनुदानात सगळा खर्च भागत नाही, म्हणून वर्गणी घ्यावी लागते. आणि पुस्तक परत आले नाही तर नुकसान एकट्या ग्रंथालयाच्या अंगावर पडते, म्हणून अनामत.

आमच्या मते वर्गणीपेक्षा मोठा फरक जोडणीचा आहे. तिथे एका कार्डावर आणि एकाच तालिकेत त्या संस्थेच्या सगळ्या शाखा येतात. पुस्तक दुसऱ्या शाखेतून मागवता येते आणि हव्या त्या शाखेत परत करता येते. आपल्याकडे शेजारच्या गावातल्या ग्रंथालयात काय आहे, हेसुद्धा तिथे गेल्याशिवाय सहसा कळत नाही. उलट दिवाळी अंकांची योजना पाहा: ठरावीक शुल्कात महिनोन्‌महिने अंक घरोघर फिरतात. ही आपली फार चांगली सोय आहे.

आणखी एक पाहून या: तिथे वाचक स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक हाताळतो. तुमच्या ग्रंथालयात काउंटरवर चिठ्ठी द्यावी लागत असेल, तर निदान नव्या पुस्तकांचे एक कपाट मुक्तद्वार करा, असे कार्यकारी मंडळाला लेखी सुचवा. त्याला उपकराची वाट पाहावी लागत नाही.