यामाल पंधराव्या वर्षी खेळला, मग आमचा का नाही?

वाचकांचे फुटबॉलचे प्रश्न, बडोदा

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, आठवीत. डाव्या पायाने खेळतो म्हणून स्पेनचा फुटबॉलपटू लामिन यामाल म्हणजे त्याचा देव. म्हणतो की यामालने पंधराव्या वर्षी बार्सिलोनाकडून मॅच खेळली, माझ्याकडे आता एकच वर्ष उरलंय, मला शाळा सोडू दे. सकाळी पोलो ग्राउंड, संध्याकाळी क्लबची प्रॅक्टिस, रात्री टर्फ. टाच दुखते पण विचारलं तर नाही म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात वेड लागलंय तर लागू दे. मी एकटीच नको म्हणणारी.
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, आधी टाचेचं बोलते, यामालचं नंतर, कारण टाच आज दुखतेय. या वयात पोरं भराभर उंच होतात, टाचेच्या हाडाची वाढीची जागा अजून कच्ची असते आणि पोटरीचा स्नायू नेमका तिथेच ओढ देतो. माझ्याकडे दर नवरात्रात अशी दोन-तीन पोरं येतात, रात्री दीडपर्यंत गरबा आणि सकाळी सहाला ग्राउंडवर, वॉर्मअपला टाच टेकवतच नाहीत, चवड्यावर चालतात, बुटाची लेस बांधायला वाकले की टाच अलगद उचलून धरतात. तोंडाने कोणी सांगत नाही कारण सांगितलं की बसवतील ही भीती. तुमच्याही मुलाला विचारू नका, लेस बांधताना नुसतं बघा. आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा, पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात.

आता यामाल. मुलाला तारखेसकट सांगा. २९ एप्रिल २०२३, समोर रिआल बेटिस क्लब, बार्सा म्हणजे बार्सिलोना ४-० ने पुढे, मॅच हातात आलेली, तेव्हा ८३व्या मिनिटाला कोच झावीने गावी नावाच्या खेळाडूला बाहेर काढून यामालला आत पाठवलं. वय १५ वर्षं २९० दिवस. आणि त्या अख्ख्या सीझनमध्ये फर्स्ट टीमकडून तो खेळला ते तेवढंच, सातेक मिनिटं! पुढची मॅच ऑगस्टमध्ये, नवीन सीझनला. हे रीलमध्ये दाखवत नाहीत ना, रीलमध्ये थेट युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलचा फ्रान्सविरुद्धचा तो डाव्या पायाचा गोल येतो, पोस्टला घासून आत गेलेला, आणि पोरांना वाटतं की पंधराव्या वर्षी दार उघडलं आणि सोळाव्या वर्षी युरो जिंकला. मधे काय होतं? मधे नाही, आधी होतं. तो सात वर्षांचा असताना, २०१४ मध्ये, ला मासियामध्ये म्हणजे बार्साच्या अकॅडमीत आला. सात मिनिटांच्या आधी आठ-नऊ वर्षं आहेत. म्हणून "माझ्याकडे एक वर्ष उरलंय" हा हिशोबच चुकलाय, त्याला तसं प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

शाळेचं तर फारच सोपं आहे. २०२४ चा युरो खेळायला जर्मनीला गेला तेव्हा यामाल शाळेचा अभ्यास सोबत घेऊन गेला होता, स्पेनमध्ये सोळाव्या वर्षापर्यंतचं सक्तीचं शिक्षण असतं, आपल्या दहावीसारखं समजा, ते त्याने स्पर्धा चालू असतानाच पास केलं. आणि सतरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ जुलैला, बर्लिनमध्ये फायनल, इंग्लंडविरुद्ध, त्यात निको विल्यम्सच्या गोलला पास यानेच दिला. शाळा सोडून कोणी यामाल झालेला नाही, यामालसुद्धा नाही.

आणि बाबांना माझ्याकडून हे वाचून दाखवा. त्याच क्लबमध्ये आन्सू फाती नावाचा पोरगा होता, २०१९ मध्ये सोळाव्या वर्षी पहिली मॅच खेळला, तीही बेटिसविरुद्धच, आठवड्याभरात गोल, सगळे म्हणाले मेस्सीनंतर हाच. नोव्हेंबर २०२० मध्ये गुडघ्याचा मेनिस्कस म्हणजे आतली कूर्चा फाटली, एकामागून एक ऑपरेशनं, जवळजवळ दहा महिने बाहेर, परत आला तेव्हा मेस्सीचा १० नंबर त्याच्या पाठीवर, पण ती पहिली धार नंतर दिसली नाही, पुढे लोनवर, म्हणजे उसना, ब्रायटन आणि मग मोनाको या क्लबांकडे. बार्साचाच पेड्री १८ वर्षांचा असताना एका सीझनमध्ये क्लब, युरो, ऑलिंपिक धरून ७३ मॅच खेळला आणि पुढच्याच वर्षी मांडीचे स्नायू सारखे धरायला लागले. यामालची पहिल्या पूर्ण सीझनला क्लबसाठी ५० मॅच झाल्या, वर युरो, मग पॅरिस ऑलिंपिकला त्याला नेलं नाही, मला तरी ते फार बरं वाटलं. तरी २०२५ मध्ये जांघेच्या दुखण्याने त्याला धरलंच, आणि क्लब विरुद्ध देशाची टीम असा वादही झाला त्याच्यावरून. एवढे डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ हाताशी असून हे होतं. आपल्या पोराच्या हाताशी कोण आहे? तुम्ही. म्हणून तुम्ही नको म्हणताय ते बरोबरच आहे.

साधा हिशोब ठेवा, वय चौदा तर आठवड्याला सगळं मिळून चौदा तासांच्या वर खेळ नको, आणि एक दिवस तरी पूर्ण सुट्टी, टर्फसुद्धा नाही. तीनपैकी एक बंद करा. मी असते तर रात्रीचं टर्फ बंद केलं असतं, तिथे ना कोच ना वॉर्मअप आणि झोपेचं खोबरं.

प्रश्न : पुतण्या पंधरा वर्षांचा आहे, खरंच चांगला खेळतो. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की स्पेनच्या मोठ्या क्लबात ट्रायल करून देतो, सिलेक्शन झालं की तिथेच राहील, सात लाख लागतील, अर्धे आधी. भाऊ शेत विकायच्या विचारात आहे. खरं असू शकतं का?
– काका, कारेलीबाग

उत्तर : काका, भावाला आजच फोन करा, शेत विकू नका. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम आहे, कलम १९. अठरा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या देशातल्या क्लबात रजिस्टर करता येत नाही. अपवाद मोजके आहेत, म्हणजे आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने, नोकरीधंद्यासाठी, तिथे राहायला गेले, किंवा युरोपातल्या युरोपात सोळाच्या पुढचा मुलगा, किंवा अगदी सीमेजवळ राहणारा. बडोद्यातला पंधरा वर्षांचा मुलगा एकटा यातल्या कशातच बसत नाही. आणि हा नियम कागदावरचा नाही हो. खुद्द बार्सिलोनाने मोडला म्हणून २०१४ मध्ये फिफाने शिक्षा केली, २०१५ च्या दोन्ही ट्रान्स्फर विंडोमध्ये, म्हणजे खेळाडू घ्यायच्या ठरलेल्या मुदतींत, नवीन खेळाडू रजिस्टर करायला बंदी. त्यांनी आर्दा तुरान या खेळाडूला घेतलं तरी जानेवारी २०१६ पर्यंत नुसतं बसवून ठेवावं लागलं. दक्षिण कोरियाचा ली सुंग-वू त्यांच्याच अकॅडमीत होता, फार गुणी, त्याला अठरा पूर्ण होईपर्यंत अधिकृत मॅच खेळता आली नाही. जिथे बार्सा अडकली तिथे हा माणूस सात लाखांत काय करणार?

पैसे भरून जायचे सुट्टीतले कॅम्प असतात, ते खरे असतात, मुलाला मजा येते, पण कॅम्प म्हणजे सिलेक्शन नाही आणि शेत विकून जायची ती जागा नाहीच नाही. त्यापेक्षा पुतण्याची एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सिस्टिममध्ये नोंद कोणत्या क्लबकडून आहे ते बघा, आहे का तरी बघा, आणि वयोगटाच्या लीगमध्ये वर्षभर खेळू द्या. भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि तिथून युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळला. पंधरा हे काही शेवटचं स्टेशन नाही. त्या माणसाकडे क्लबचं लेखी पत्र मागा आणि ते पत्र घेऊन आपण स्वतः क्लबच्या ऑफिशियल पत्त्यावर विचारा, पैसे एक रुपया आधी नाही.

प्रश्न : नातू गोल केला की हातांनी ३, ०, ४ अशी खूण करतो. यामालची आहे म्हणतो. म्हणजे काय?
– आजोबा, रावपुरा

उत्तर : आजोबा, तो यामालच्या मोहल्ल्याचा पिनकोड आहे. स्पेनमधल्या मातारो गावातला रोकाफोंडा भाग, साध्या कामगारांची, बाहेरून आलेल्या लोकांची वस्ती, पिनकोड ०८३०४, त्याचे शेवटचे तीन आकडे. त्याचे वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची, पण गोल केल्यावर तो सांगतो ते रोकाफोंडा. आमच्या ग्राउंडवरची दोन पोरं आता ००१ करतात, आपल्या बडोद्याच्या ३९०००१ पिनकोडवाली. नातवाला सांगून बघा.