दांडी गाणार कशी, हे चिमटा ठरवतो

राळ लावलेल्या बोटांनी लांबीच्या दिशेने घासून दांडीतून सूर काढायचा आहे. सुरुवातीला 1 मीटर लांब, साधारण 10 मिमी जाडीची भरीव ॲल्युमिनियमची दांडी घे. ती बरोबर 50 सेंमीवर चिमट्यात पकड. तिथे निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा; दोन्ही मोकळ्या टोकांना प्रस्पंद, म्हणजे सर्वांत जास्त हलणारी जागा. ॲल्युमिनियममध्ये आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 5000 मीटर, म्हणून मूळ वारंवारता (सर्वांत खालच्या, मूळ स्वराची) वेग भागिले दुप्पट लांबी, म्हणजे 2500 हर्ट्झच्या आसपास. मोबाईलच्या स्पेक्ट्रम ॲपवर (आवाजात कोणत्या वारंवारता आहेत ते दाखवणाऱ्या) शिखर तिथेच दिसायला हवं.

मध्ये पकडल्यावर फक्त विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या 1, 3, 5 अशा विषम पटी मिळतात: 2500, 7500, 12500 हर्ट्झ. 5000 हर्ट्झ हवे असतील तर 25 सेंमीवर पकड. तिथे मूळ स्वराला निस्पंद नसतो, म्हणून तो दबतो. बरेच जण इथेच गोंधळतात आणि दांडीला दोष देतात.

चिमट्याचे जबडे रुंद नकोत. 4 सेंमीची पकड म्हणजे निस्पंदाबरोबर शेजारचा हलणारा भागही आवळला, आवाज लगेच मरतो. टोकदार स्क्रूची पकड उत्तम.

बोटांना राळेची पूड लाव, व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच. चिमूटभर पुरे. अंगठा आणि तर्जनीत दांडी धरून मधून टोकाकडे सरळ, सावकाश ओढ. बोटं नुसती घसरली तर राळ कमी किंवा हात घामट. दांडी स्पिरिटने पूस. हात तिरका गेला तर दांडी आडवी थरथरते आणि भलताच, खालचा सूर येतो.

खात्री करायची? वाजत असताना टोकाला बोट लाव, सूर तुटतो. चिमट्यालगत लावलं तर फारसा फरक पडत नाही.