फिलिपिनो लोक खातात त्या गोगलगायीत खरंच पोषण असतं का?

तुम्ही विचारलंय की जहाजावरचा फिलिपिनो कुक घरच्या गोगलगायींचं इतकं कौतुक करतो, तर त्यात काही सत्त्व असतं की ते नुसतं गरिबीचं खाणं, आणि चिकनऐवजी चालेल का. ‘गरिबीचं खाणं’ वाचलं आणि राहवलं नाही.

सत्त्व आहे. शंभर ग्रॅम मांसात साधारण १२ ते १६ ग्रॅम प्रथिनं, चरबी दीड ग्रॅमच्या आत, उष्मांक ८०-९०. लोह आणि मॅग्नेशियमही. पण हे आकडे कवच काढलेल्या मांसाचे. ताटभर ढिगातून मांस मूठभरच निघतं.

दुबईत नर्स असताना माझी रूममेट नुएवा एसिहा या भातशेतीच्या प्रांतातली होती. एका सुट्टीत मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने ‘गिनाताआंग कुहोल’ केलं. गोगलगायी आदल्या रात्रीपासून पाण्यात ठेवून माती सोडवलेली, कवचाचं मागचं टोक फोडलेलं, म्हणजे तोंडाने ओढलं की मांस सुटून येतं. आलं, लसूण, कांदा, नारळाचं दूध, बारकी झणझणीत मिरची आणि शेवटी शेवग्याचा पाला. मी मालवणची, मला त्या ताटात काहीच परकं वाटलं नाही. पाल्याचं जीवनसत्त्व आणि गोगलगायीची प्रथिनं एकाच पातेल्यात, आणि दोन्ही दारातलं.

तिचे वडील शेतकरी. १९८० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतली मोठी सोनेरी गोगलगाय तिथे आणली, ती लोकांना स्वस्त प्रथिनं आणि जोडधंदा मिळावा म्हणून. खप झाला नाही, ती शेतात सुटली आणि भाताची कोवळी रोपं फस्त करू लागली. आता ते ती हाताने वेचतात, बदकांना घालतात, स्वतः खातात. गुलाबी अंड्यांचे घोस मात्र चिरडून टाकतात, ती अंडी विषारी. औषध मारलेल्या शेतातली गोगलगाय ती माउली घरात येऊ देत नसे. एवढी पारख असलेल्या बाईच्या स्वयंपाकाला कोणी गरिबीचं खाणं म्हटलेलं मला खपत नाही.

गावी येऊन हे सांगितलं तर थोरले भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, “किडे खाऊन आलीस.” हेच भाऊजी कालवं आणि तिसऱ्या बोटं चाटत खातात. तिसरी, कालव आणि गोगलगाय, तिन्ही मृदुकाय प्राणी. खाडीतलं ते अन्न आणि भाताच्या चिखलातलं तो किडा, या भेदाचा पोषणाशी काडीचा संबंध नाही. तो प्रतिष्ठेचा भेद आहे. भाऊजींना हे तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगेन.

चिकनऐवजी म्हणाल तर चिकनच्या छातीच्या मांसात प्रथिनं जास्तच असतात. आणि नारळाच्या दुधाने पदार्थाची चरबी बरीच वाढते, कोलेस्टेरॉल असेल तर रस्सा बेताने घ्या.

हो, अर्धकच्ची गोगलगाय कधीच नको. तिच्यातला एक कृमी थेट मेंदूपर्यंत पोचतो. धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी किंवा दमा असेल तर अजिबात खाऊ नका, रिॲक्शन जोरात येऊ शकते. यातलं काही नसेल तर कुकने केल्यावर भाताबरोबर खा, आणि ते ‘गरिबीचं’ त्याच्यासमोर म्हणू नका.